पासवर्ड मिळणार नाही

शिरूर तालुक्यातल्या एका डेअरीत मी नेटवर्कचं काम बघते. मी लागले तेव्हा सगळा कारभार वायरीवर होता. दूध उतरवायच्या ओट्यावरचा वजनकाटा, लॅबमधलं फॅट मोजायचं मशीन, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळं एकाच केबलच्या जाळ्यात. हे जाळं दौंडच्या एका मुसलमान मामांनी टाकलेलं. बांधणी इतकी नेटकी, की कुठली वायर कुठं जाते हे त्यांना डोळे मिटूनही सांगता यायचं.

मग वायफाय आणायचं ठरलं. लॅबच्या बायकांना टॅब घेऊन थेट टँकरपाशी जाता यावं, नोंद तिथल्या तिथं व्हावी, म्हणून. मी मामांना बोलावलं. ते आले ते तोंड पाडूनच.

"म्हंजी, आता माझ्या वायरी काढणार व्हय?"

"नाही मामा. वायफायचे डबे तुमच्याच वायरींना जोडायचेत. वायर नसेल तर ते नुसते शोभेचे."

मग कुठं ते हसले आणि शिडी मागवली.

आम्ही दोन वायफाय केली. एक कामाचं. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचं स्वतःचं लॉगिन, आणि डेअरीचे टॅब सोडून दुसरं काही जोडताच येत नाही. दुसरं आल्यागेल्यांसाठी. त्यावर इंटरनेट मिळतं, पण तिथून काटा किंवा लॅब दिसतही नाही. केबल तीच, आतले रस्ते मात्र वेगळे.

आठवडाभरात एक संचालक माझ्या टेबलाशी आले. त्यांना सगळे आबा म्हणतात.

"पोरी, त्या आतल्या वायफायचा पासवर्ड सांग."

"तो मिळणार नाही, आबा. तुमच्या मोबाइलला बाहेरचं जोडून देते."

"म्या काय पाव्हना हाय? संचालक हाय मी!"

"हो, पण काट्यावर तुमचं काम नाही. चेअरमननी मागितला तरी मी देणार नाही."

ते गेल्यावर मॅनेजर म्हणाले, "देऊन टाका हो मॅडम, काय बिघडतंय?" काय बिघडतंय? आतला रस्ता एकदा उघडला, की गाडीत बसून कुणीही फॅटच्या आकड्याला हात घालू शकतो. त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो. आमच्या निमोणे गावाहून माझे वडीलही इथंच दूध घालतात. मी नाहीच म्हणाले.

नंतर एका सकाळी काटा बंद पडला. मागोमाग लॅब. टँकर फाटकापर्यंत खोळंबले, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. मी पाहिलं, तर सगळ्या मशीनना नेटवर्कवरचे पत्ते भलताच कुणीतरी देत होता, म्हणून ती एकमेकांना सापडत नव्हती. आमच्या जाळ्यात परका राउटर घुसला होता. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्याच्या, म्हणजे स्विचच्या, कोणत्या भोकातून तो आलाय ते मला सापडलं, आणि मी मामांना फोन लावला.

"ती वायर व्हय? मीटिंग हॉल. खिडकीखालचं सॉकेट," मामा म्हणाले.

खिडकीच्या पडद्यामागं बाजारातला एक स्वस्तातला राउटर लुकलुकत होता. मी तो उपटला. काटा सुरू झाला. आबा आणि बाकीचे संचालक चेअरमनच्या केबिनमध्ये चहा घेत होते. मी राउटर हातात घेऊन तशीच आत गेले आणि तो टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा?"

"माझा हाय," आबा म्हणाले. "तू देत न्हाईस, तर म्या माझा लावला. मग?"

"ह्याच्यामुळं दूध खोळंबलं. परत लावलात तर परत काढीन."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. पण मी इथं आहे तोवर त्या आकड्यापर्यंत कुणालाही वाट मिळणार नाही."

कुणी शाबासकी दिली नाही. चेअरमन मोबाइलकडं बघत "बघू, बघू" म्हणाले. दुपारी मामा दौंडहून आले, आणि आम्ही डेअरीतलं एकूण एक रिकामं सॉकेट स्विचवरून बंद करून टाकलं. घाम पुसत मामा एवढंच म्हणाले, "आता लावा म्हणावं."

नोकरी गेली नाही. माझं टेबल तेवढं ऑफिसातून उचलून कॅन धुवायच्या शेडशेजारच्या खोलीत टाकलं. तिथं दिवसभर खणखणाट, वर उकाडा. मी रडत परत येईन असं संचालकांना वाटलं असावं. मी भिंतीला पंखा ठोकून घेतला, दारावर माझ्या नावाची पाटी लावली आणि कामाला बसले.