माकडशिंगीला दिलेलं पाणी

मी कारंज्याची. कापसाच्या बाजारपेठेत वाढलेली. भाजी म्हणजे पाटीतून दारावर येते ती, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन केनवडकडच्या खेड्यात आले, तेव्हा पहिल्याच ऋषिपंचमीला सासूबाई मला गावामागच्या बरडावर घेऊन गेल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बरड म्हणजे नुसता मुरूम नि दगड. नांगर तिथं कधी लागला नव्हता. पंचमीला आमच्याकडे बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून तर तिथं जायचं.

दगडांच्या फटीत बोटाएवढ्या जाड, चौकोनी, हिरव्या कांड्या उभ्या होत्या. पान एकही नाही. ही माकडशिंगी, पंचमीची रानभाजी. मी ती खसकन मुळासकट उपटली, तशा आत्याबाई कडाडल्या, "सारंच काहून उपटून राह्यली? मांगं दोन बोटं ठेव. अन् नखानं खुड, इळा लावू नको त्याले."

पहिल्याच सणाला बोलणी खावी लागली म्हणून मी फुरंगटले. त्यात ती भाजी! चिंचेच्या कोळात शिजवूनही तुरट-कडू. आत्याबाई मात्र उपास सोडताना पहिला घास तिचाच घ्यायच्या, डोळे मिटून. त्यांच्या आईच्या ताटातही तो मान तिचाच असे. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, ही चव तेवढी उरली होती. हे कळल्यावर मी नाक मुरडणं सोडलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाला रोजगार म्हणून रस्त्याचं काम निघालं आणि खडीसाठी बरडच धरला. काम नको असं कोण म्हणणार? घरोघरची माणसं दगड फोडायला जात होती, आमच्याही घरची. पण बरडाची एक बाजू उघडी पडू लागली, तसा आत्याबाईंच्या जिवाला घोर लागला. "दगड गेला तं थे कुठं राहीन?" हेच दिवसभर तोंडी.

मग त्यांनीच आळीतल्या बायका गोळा केल्या. जमतील तेवढे गड्डे मातीसकट उचलायचे नि घरोघरी तुळशीजवळ लावायचे, असं ठरलं. मोठा गड्डा कुणाचा यावरून तिथंच दोघी जुंपल्या. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

पण पाणी? विहिरी आटलेल्या. नाल्यात झिरा खणून वाटी-वाटीनं हंडा भरावा लागे. तरी सकाळी तुळशीपाठोपाठ एक गडवा, तांब्याभर पाणी, माकडशिंगीला, हा नेमच झाला. शेजारची काकू तर आपल्या पिण्यातलं घाली. "दोन घोट आपून कमी पेऊ. लेकरूच हाये थे," म्हणे. मला त्या बायकांचा अभिमान वाटे. पुढं जे झालं ते झालं, तरी आजही वाटतो.

थोड्याच दिवसांत कांड्या पिवळ्या पडल्या. तहानेनं, असं समजून आम्ही दोन गडवे घालू लागलो. मग त्या बुडाशी मऊ झाल्या, दाबलं की बोट आत जाई, आंबूस वास येई. करता करता आळीतल्या सगळ्या गेल्या. आमची सगळ्यात शेवटी. आत्याबाईंनी तिच्या बुडाची माती उकरून हातात घेतली. "ओलीगच्च हाये," म्हणाल्या. उभ्या जन्मात तिला कुणी पाणी घातलं नव्हतं. कोरड्या फटीत सुखानं राहणारी ती, आम्ही मायेनं बुडवली. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत.

पुढं पाऊस आला, काम थांबलं, पंचमी आली. आत्याबाई सकाळीच बरडावर निघाल्या, मी मागोमाग. अर्धा बरड खाणीनं खाल्लेला. ऊन डोक्यावर येईस्तोवर फिरलो. शेवटी खड्ड्याच्या कडेला, फोडायच्या राहून गेलेल्या दोन दगडांमध्ये, मूठभर गड्डा दिसला. चार-पाच कांड्या, एकीच्या टोकाला काळपट जांभळं फूल. आनंदानं मी ओरडलेच. खुडायला वाकले, दोन बोटं मागं ठेवूनच. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे."

"आत्याबाई, एक कांडी तं घेऊ द्या. तुमच्या घासापुरती."

"पाणी घालून तं पाह्यलं पोरी, मेली. आता आपून खायाचं नाई, एवढंच हाये आपल्या हातात."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. घरी येऊन त्यांनी ताट वाढून घेतलं, आणि माकडशिंगीची जागा मोकळी ठेवली. पहिला घास परसातल्या दोडक्याचा घेतला. तो त्या बराच वेळ चावत राहिल्या.

दुर्मिळ, संकटग्रस्त हे शब्द माझ्या वाचनात फार उशिरा आले. शब्द बरोबरच आहेत. पण ते वाचले की मला ताटातली ती मोकळी जागाच दिसते.

आत्याबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. बरडावरचा गड्डा अजून आहे, थोडा पसरलाही आहे, पण खुडण्याइतका नाही. पंचमीला माझ्याही ताटात ती जागा मोकळीच असते. गेल्या पंचमीला नव्या सुनेनं ताट वाढलं. काही वाढायचं राहिलं असं वाटून तिनं त्या जागी काकडीच्या फोडी ठेवल्या. मी त्या बाजूला सारल्या.

"इथं काहून नाई, आत्याबाई?" तिनं विचारलं. आता आत्याबाई मीच.

मी पाटावरून उठले. "चपला घाल. बरडावर जाऊन येऊ, जेवण मांगून." ती लगबगीनं चपला घालून आली. हातात पाण्याचा गडवा होता, उन्हाचा म्हणून भरून घेतलेला.

"थो घरीच ठेव," मी म्हटलं.