गाडी कंपनीला लावली तेव्हा

सोळा वर्षं मी दुसऱ्याची गाडी चालवली. मालक भालकीचे होते. त्यांचं वय झालं, मुलं बेंगळुरूला गेली, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि सांगितलं की गाडी विकायची आहे, आणि तिच्या इंजिनाचा आवाज तुझ्याइतका कुणाला कळत नाही. दहा चाकांची ती गाडी मी घेतली. बायको सरकारी कन्नड शाळेत शिक्षिका, तिच्या पगाराकडे बघून बँकेने विश्वास ठेवला.

पण एकट्या गाडीला माल कोण देणार? बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एक ट्रान्सपोर्ट कंपनी होती. तिच्या स्वतःच्या गाड्या मोजक्या, बाकी आमच्यासारख्यांच्या. गाडी आपली, चालवायची आपण, डिझेल आणि टायर आपले. माल कंपनी मिळवून देणार आणि भाड्यातून तिचा वाटा कापून घेणार. याला आमच्याकडे गाडी लावणं म्हणतात. कंपनीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडून 'बघू' या शब्दापुढे काही निघणं कठीण.

करारनामा कानडीत होता. मी मराठी शाळेत शिकलेला. कानडी बोलतो, कानडीत भांडतोही, पण वाचायचं म्हटलं की दुकानांच्या पाट्यांपाशीच अडकतो. म्हणून बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माझ्याबरोबर कोळारला आली. अण्णांच्या टेबलापाशी बसून तिने पाच पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. मला लाज वाटायला लागली होती. बाहेर दोन गाडीवाले दारातून डोकावत होते. मी एकटा असतो तर शेवटच्या पानावर सही करून केव्हाच उठलो असतो.

चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं. माल उतरवताना जे खराब निघेल त्याची भरपाई गाडीमालकाने करायची, असं तिथे लिहिलं होतं. तिने विचारलं, "आणि भरतानाच खराब असला तर?"

"अक्का, हे सगळ्यांच्याच करारात हाय," अण्णा म्हणाले. "आजवर कुणी इचारलं न्हाई."

"म्हणूनच विचारते."

अण्णांनी पेन तिच्याकडे सरकवलं. तिने समासात एक ओळ लिहिली: गाडीमालक माल भरताना हजर राहील, आणि खराब दिसलेला माल तो नाकारू शकेल. अण्णांनी त्याखाली सही केली. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो की पहिल्याच दिवशी आपण किरकिरे ठरलो. ती म्हणाली, "तुम्ही आता नुसते डायवर न्हाईत."

ते मला कळायला वेळ लागला. ड्रायव्हर असताना गोदामाला गाडी लावली की मी चटई टाकून झोपायचो. माल भरणं हे हमालांचं काम आणि हिशेब मालकाचा. आता मी उभा राहायला लागलो. मोजायचो, हात लावून बघायचो, थप्पी कशी लागते ते बघायचो. गाडी तीच होती, पण तिच्या मागच्या भागात काय चालतं ते मी सोळा वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो.

त्या दिवसांत मला धीर दिला तो एका म्हाताऱ्या गाडीवाल्याने. औरादकडचे, साठीला आलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. पाच वर्षांपासून त्यांची गाडी याच कंपनीला लागलेली होती. कुठल्या घाटात कधी निघावं, कुठल्या गोदामात रांग लांब असते, सगळं त्यांनी मला सांगितलं. डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवल्याशिवाय ते जेवत नसत.

तिसऱ्या महिन्यात गुलबर्ग्याच्या एका डाळ मिलमधून तूरडाळ भरायची होती. दोन गाड्या पुण्याला जायच्या, माझी पुढे आणि मामांची मागे. आठवडाभर पाऊस लागून होता. हमालांनी कोपऱ्यातल्या थप्पीला हात घातला तेव्हा खालचे कट्टे, म्हणजे डाळीची पोती, मला जरा काळपट दिसले. जवळ गेलो. पोत्यांना ओल होती आणि आंबूस वास येत होता. वरचा पत्रा तिथेच गळत होता.

मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला की वाटेत वारा लागला की सुकतं. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पार्टी जुनी हाय. बघ तुला काय करायचं ते." एवढ्यात ड्रायव्हरला कळायला हवं ते कळतं. पण मी तसे बारा कट्टे बाजूला काढायला लावले आणि दुसऱ्या थप्पीतून गाडी भरून घेतली. दोन तास गेले. हमाल वैतागले, मुकादम माझ्याशी बोलेनासा झाला.

ताडपत्री बांधून मी गाडी बाहेर काढली. फाटकाजवळच्या हॉटेलात मामा चहा पीत बसले होते. त्यांनी हात वर केला. मीही हात वर केला आणि निघालो.

दुपारी जेवायला थांबलो तेव्हा बायकोला फोन करून सगळं सांगितलं. मी खुशीत होतो. सोळा वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला 'हा माल नको' म्हणालो होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते कट्टे कुठं गेले?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

पुण्याहून परत आल्यावर अण्णांनी मला माल दिला नाही. रोज कोळारला जायचं, गाडी पुसायची, कार्यालयाच्या पायरीवर बसायचं. विचारलं की 'बघू'. ड्रायव्हर असताना रिकामा दिवस म्हणजे आराम असायचा. आता उभी गाडी बघितली की जेवण जात नसे. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं की मामांचा माल पुण्याच्या व्यापाऱ्याने परत केला होता आणि इतके दिवस त्यावरून वाद चालला होता. ओले कट्टे त्यांच्या गाडीत खाली भरले होते, दोन दिवसांत वास आजूबाजूच्या पोत्यांना लागला. नुकसान मामांच्या भाड्यातून कापायचं ठरलं होतं. त्यांच्या करारात समासातली ओळ नव्हती.

त्याच दुपारी अण्णांनी मला बोलावून माल दिला. तुझं बरोबर होतं, असं ते म्हणाले नाहीत. पण माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मी एक दिवस मागून घेतला आणि बसने मामांच्या गावी गेलो.

मामा अंगणात फाटलेली ताडपत्री शिवत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ सांगितलं. ते कट्टे मी बघितले होते, बाजूला काढायला लावले होते, आणि तुमच्यासमोरून जाताना गाडी थांबवून सांगितलं नाही. ते शिव्या देतील अशी माझी तयारी होती, किंवा तशी माझी इच्छा होती.

मामांची सुई चालू राहिली. मग ते म्हणाले, "मला बी दिसलं व्हतं."

"मग भरलं कामून?"

"आठ दिस बसून व्हतो त्याच्या आदी. न्हाई म्हणलो असतो तर आजून बसवलं असतं. तुझ्या घरी पगार येतो, बाबा. माझ्या घरी गाडीच येती."

त्यात राग नव्हता. मामींनी चहा आणला, आम्ही प्यायलो, मग मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरून बसलो आणि अंधार पडायच्या आत बसस्टँडवर गेलो.

त्या प्रवासात मला पटलं की माझं धाडस त्या ओळीतून आलं नव्हतं. अकरा दिवस बसूनही माझ्या घरची चूल पेटत होती, म्हणून मी नाही म्हणू शकलो. मी सांगितलं असतं तरी मामांनी माल भरलाच असता. पण मी सांगितलं नाही, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

पुढे मी अण्णांना म्हणालो की ही ओळ सगळ्यांच्या करारात घाला. ते म्हणाले, जो मागेल त्याला देऊ. काही रविवारी बायकोने आमच्या ओसरीवर चारपाच जणांचे करार वाचून दाखवले. तिघांनी ओळ मागून घेतली. बाकीच्यांना अण्णांसमोर बोलायची हिंमत झाली नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही. माल भरताना काही दिसलं तर आता मी मागच्या गाडीवाल्याकडे चालत जाऊन सांगतो. कुणी ऐकतो, कुणी मान हलवून तोच माल भरून घेतो.

मामांनी दिवाळीनंतर गाडी विकली. मागच्या वर्षी ते मला भालकीत दिसले, एका शाळेच्या पिवळ्या बसच्या स्टिअरिंगवर. मी कसं चाललंय विचारलं.

"बरं हाय की," ते म्हणाले. "हितला माल आपल्या पायानं चढतो आन् आपल्या पायानं उतरतो."

हसत त्यांनी गियर टाकला. मागच्या बाकावर दोन पोरी खिडकीसाठी भांडत होत्या.