लॉइडने बंद करायला लावलेला भोंगा

व्हर्ना हृत्साकने एकोणीस वर्षं क्रेन चालवली, आणि प्रत्येक वेळी क्रेन वळवण्याआधी दोनदा भोंगा वाजवला. त्यातली तेरा वर्षं लॉइड तिच्या जोडीला होता. क्रेन वळली की तिच्या पाठीवरचं, तोल सांभाळणारं लोखंडी वजनही वळतं, आणि ते केबिनमधून दिसत नाही. म्हणून लॉइड रोज सकाळी भोवती लाल दोरी बांधायचा. कुणी वाकून आत शिरलं, की त्याची सालटी काढायचा. स्वतःचा पाण्याचा थर्मास मात्र दोरीच्या आत, त्या वजनाच्याच सावलीत ठेवायचा. यॉर्कटन गावच्या उन्हात दुसरी सावली नव्हती, हे खरं. पण याला काय म्हणावं? भोंगा ऐकला की तो बाहेर येई, आणि व्हर्नालाही त्यात कधी वावगं वाटलं नाही.

त्या गुरुवारी शेजारच्या युक्रेनियन चर्चमध्ये कुणाचा तरी अंत्यविधी होता.

"बाई, तासभर तुझा भोंगा बंद ठेव," लॉइड म्हणाला. "पेटीतला उठून बसेल."

"आणि तुला कळणार कसं रे?"

"माझे डोळे शाबूत आहेत अजून."

व्हर्ना हसली. दुसऱ्याच्या दुःखात आपला गोंगाट नको, हे तिलाही पटलं.

अकराच्या सुमारास ओझं उतरून क्रेनचा आकडा रिकामा झाला आणि तिने क्रेन वळवली. समोरून कुणीतरी हात हलवत धावत आलं. तिने क्रेन थांबवली, उतरली, मागे गेली. थर्मास जागच्या जागी उभा होता. लॉइड वजन आणि क्रेनच्या गाडीच्या मधे चिरडला गेला होता.

"लॉइड, बाहेर ये ना," ती म्हणत राहिली. त्याला ओढून काढेपर्यंत तेवढंच म्हणत होती.

पुढच्या गुरुवारी त्याच चर्चमध्ये लॉइडची पेटी होती. त्याच्या बायकोला तोंड दाखवायचा धीर नव्हता, म्हणून व्हर्ना शेवटच्या रांगेत बसली. शेजारी काम पुन्हा सुरू झालं होतं. खिडकीतून तिला नव्या क्रेनचा हात सरकताना दिसला. भोंगा वाजलाच नाही. प्रार्थना चालू असतानाच ती उठली आणि धावत क्रेनपाशी गेली.

"थांबव! भोंगा का नाही वाजवलास?"

क्रेनवाला ओशाळला. "आत अंत्यविधी चाललाय ना, बाई. बरं दिसत नाही."

"आतला माणूस त्यामुळेच गेलाय. वाजव."

भोंगा दोनदा वाजला. वजनाच्या सावलीतून एक माणूस पाण्याची बाटली घेऊन, लाल दोरीखालून वाकत बाहेर आला.