हमीदचाचांच्या वहीतलं अर्धं पान

हमीदचाचांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात असं लिहिणं शोभतं की नाही, मला माहीत नाही. पण गुळमुळीत लिहिलं तर चाचांनाच ते आवडणार नाही. मी तेव्हा सावेडीतल्या एका तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवायला नुकतीच लागले होते. माझे वडील नेवासा ते नगर प्रवासी जीप चालवायचे आणि त्या जीपचा मागचा ॲक्सल वेग वाढला की रडायला लागायचा. वडिलांनी गॅरेजला जाताना मला मुद्दाम बरोबर घेतलं, कारण पोरगी इंजिनिअर झाल्याचं त्यांना गावभर मिरवायचं होतं. मीही काही कमी नव्हते. आत पाय ठेवताच म्हणाले, "बॅकलॅश जास्त असणार. क्राऊन-पिनियनचं सेटिंग पुन्हा करा."

चाचा जीपखाली होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी क्राऊनला कधी हात लावलाय का?"

"रोज शिकवते मी."

"ते इचारलं न्हाई. हात लावलाय का?"

नव्हता लावला. वडिलांच्या देखत माझं तोंड एवढंसं झालं आणि मी तणतणत बाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने चाचा स्वतः दोन कप चहा घेऊन बाहेर आले. "राग मानू नका. शिकवता ना? मग रविवारी या. बोटांना कळाय पाहिजे," एवढंच म्हणाले. मी हट्टाने गेले. त्या गॅरेजात बाईमाणूस कधी कामाला आलंच नव्हतं. मागच्या मोरीला दार म्हणजे एक पोतं लोंबत होतं. दुसऱ्या रविवारी गेले तर तिथे पत्र्याचं दार, आतून कडी आणि खिळ्याला नवा टॉवेल. त्याबद्दल चाचा एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही आजवर कधी बोलले नव्हते. आज बोलते.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, ज्याला हाउसिंग म्हणतात, त्यात एक मोठं दातेरी कडं असतं, ते क्राऊन. आणि त्याला फिरवणारं लहान दातेरी चक्र, ते पिनियन. दोघांच्या दातांमधली मोकळीक म्हणजे माझं ते पाठ केलेलं बॅकलॅश. मोकळीक जास्त झाली तर गाडी दणके देते, कमी झाली तर दात जळतात. पिनियन केसभर पुढे-मागे करायला पत्र्याच्या, कागदासारख्या पातळ चकत्या घालतात, त्यांना शिम म्हणतात. चाचा दातांना निळा रंग लावतात, क्राऊन हाताने फिरवतात आणि रंग कुठे पुसला ते बघतात. दाताच्या मधोमध पुसला तर ठीक. वर टोकाकडे गेला तर पिनियन लांब राहिलं, खाली मुळाशी गेला तर फार आत शिरलं. मग सगळं उघडायचं, शिम बदलायची, पुन्हा रंग. एका जीपसाठी त्यांना सात वेळा हे करताना मी पाहिलं आहे, आणि सातव्या वेळीही त्यांचा चेहरा पहिल्या वेळेसारखाच होता.

याशिवाय चाचांची स्वतःची एक रीत आहे. सेटिंग जमलं की दातावरच्या निळ्या रंगाची छाप ते चिकटपट्टीवर उचलतात आणि एका लांबड्या वहीत चिकटवतात. खाली गाडी कुणाची ते लिहितात. नगर जिल्ह्यातल्या किती जीप आणि टेम्पोंचे दात त्या वहीत आहेत! पण शेवटचा कौल छापेचा नसतो, कानाचा असतो. गाडी रस्त्यावर काढायची, चाचा मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार, कुणी चकार शब्द काढायचा नाही. "ज्या दिवशी मला आवाज कळायचा बंद हुईल, त्या दिवशी पाना खाली ठेवीन. दुसऱ्याच्या गाडीवर अंदाज नको," हे त्यांचं वाक्य गॅरेजात आलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे.

त्या वहीत एक पान माझं आहे. सहाएक महिने शिकून मी स्वतःला उस्ताद समजायला लागले होते. एकाच दिवशी एकाच बनावटीच्या दोन जीप उघडलेल्या होत्या, दोघींचे नवे जोड आले होते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. मी नंबर न बघता एकीचं पिनियन दुसरीला बसवलं. छाप काही केल्या मधे येईना. चार वेळा शिम बदलली, शेवटी कंटाळून नट आवळले आणि "झालं" म्हणून सांगितलं. चाचांनी छाप उचलली, उजेडात धरली, वाकून नंबर पाहिले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हा निकाह कुणी लावला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जीपचा मालक समोर उभा, दुपारी त्याला शिर्डीची माणसं घ्यायची होती. चाचा त्याच्याकडे वळून म्हणाले, "माझ्याकडून घोळ झालाय. गाडी उद्या मिळंल. तुमच्या माणसांसाठी माझी गाडी न्या." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मालक गेल्यावर मात्र त्यांनी माझी ती बिघडलेली छाप वहीत चिकटवली, खाली 'मॅडम' असं लिहिलं आणि शेजारचं अर्धं पान कोरं सोडलं. बरोबर छाप पुढल्या पानावर लावली. हे अर्धं कोरं कशाला, असं मी विचारलं. "असू द्या," म्हणाले. पुढे वीस वर्षं ते पान दिसलं की मला राग यायचा.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. राहुरीकडच्या एका निवृत्त मास्तरांची जुनी जीप चाचांनी स्वतः बसवली. छाप छान होती, अगदी किंचित वर. मी चालवत होते, चाचा मागे डोळे मिटून. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. मी आरशात पाहिलं. चाचांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "मस्त हाय," ते म्हणाले. शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली होती. तोंडातून मात्र "हो चाचा" निघून गेलं.

त्याच संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेले, तर त्यांचे कान मंदावलेत हे नूरजहाँचाचींना आधीच ठाऊक होतं. आमच्या घरच्या टीव्हीवरच्या बातम्या आता शेजाऱ्यांना पाठ झाल्यात, असं त्या हसत म्हणाल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "तू सांगू नकोस गं. तू सांगितलंस तर ते खरंच पाना ठेवतील. मग दिवसभर भिंतीकडं बघत बसतील." खोटं कशाला बोलू, मीही ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी चाचा दुपारी नमाजाला गेले की गुपचूप शिम बदलून टाकायची. गाडी वर घेतलीसुद्धा. पण हातात पाना घेतला आणि पिनियन चुकलं तेव्हाचे चाचा आठवले. त्यांनी ती छाप फेकून दिली नव्हती. मला न सांगता दुरुस्तही केली नव्हती.

ते परत आल्यावर मी समोर उभी राहून, जरा मोठ्याने, सांगितलं. "चाचा, गाडी आवाज करतेय. काल मी खोटं बोलले."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. हात पुसले. पाना खिळ्याला अडकवला आणि स्टुलावर बसून राहिले. मी रडत होते, ते रडत नव्हते.  मग त्यांनी विचारलं, "पाय दाबल्यावर का काढल्यावर?"

"काढल्यावर."

"बारीक का जाड?"

"बारीक. पन्नासवरून चाळीसला येईपर्यंत. मग थांबतो."

"हं," म्हणाले. उठले. खिळ्यावरचा पाना काढला. "हाउसिंग उघडा. एक शिम बदलू. आता शेवटचं तुमी ऐकायचं आन् मला खरं सांगायचं."

माझ्याने राहवेना. "पाना खाली ठेवणार होतात ना?"

"ठेवला की! चांगला पाव तास ठेवला. बघितलं न्हाई का?"

संध्याकाळच्या आत जीप आवाज न करता चालायला लागली. मास्तर आल्यावर चाचांनी त्यांनाही सगळं सांगितलं: कान गेलेत, मॅडमनी ऐकलं, म्हणून गाडी दोनदा उघडली. मग वही मागवली. माझं ते पान काढलं, कालची चुकलेली छाप शेजारच्या कोऱ्या अर्ध्यावर चिकटवली आणि खाली 'हमीद' लिहिलं. "ही जागा माझीच हुती," म्हणाले. "कधी ना कधी लागणार हुती." हे सगळं छापायला मी त्यांची परवानगी मागितली, तेव्हा हसून म्हणाले, "नंबर बरोबर लिवा म्हंजे झालं."

चाचा, तुम्हाला पंचाहत्तरावं लागलं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र खिशात ठेवायचं नसतं, ते कानात घाला. गुडघ्यांना जपा, चाचींचं ऐका, निदान ऐकल्यासारखं करा. ते पान भरलं असलं तरी वहीत कोरी पानं पुष्कळ आहेत आणि ती तुमच्याच हाताने भरायची आहेत, तेवढं आयुष्य आणि तेवढी तब्येत तुम्हाला मिळो, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची मागणी आहे. रविवारी मी येतेच. गाडी मी चालवीन, तुम्ही नेहमीसारखे मागे डोळे मिटून बसा. परत आलो की मला विचारा, मी खरं सांगेन.