मोहाखालचं बाळंतपण

औंढ्याच्या मागच्या डोंगरात वनखात्याची फिरायची वाट झाली, तेव्हा जिवनबाईला आधी हसूच आलं. तांड्यापासून सागाच्या रानातून चढायचं, माळावर जायचं, पलीकडून ओढ्याच्या काठाकाठानं उतरायचं आणि मोहाच्या झाडांतून वळसा घालून पुन्हा तांड्यापाशी यायचं. सहा किलोमीटरची ही फेरी ती तीस वर्षं डोक्यावर मोळी घेऊन मारत आली होती. आता झाडांना पांढरे पट्टे मारले होते, चढावर दगडाच्या चार पायऱ्या बसल्या होत्या आणि सुरुवातीला फलक लागला होता. तिची धाकटी जाऊ शिला हिनं तो वाचून दाखवला, ‘मध्यम अवघड.’

"ह्यात अवघड काय हाय?" जिवनबाई म्हणाली.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवायला तांड्यातलं एक माणूस हवं होतं. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बैठक बसली. वनरक्षकानं विचारलं, "रान सगळ्यात पक्कं कोणाला ठाऊक हाय?" सगळ्यांनी जिवनबाईकडं पाहिलं. तिनं पदर सावरला. मग तो म्हणाला, "पाहुण्यांची नावं लिहून घ्यावी लागतील, फोन घ्यावा लागंल, चार शहरी माणसांशी बोलावं लागंल." तशा सगळ्यांच्या माना शिलाकडं वळल्या. शिला दहावीपर्यंत शिकलेली, तोंडानं गोड. वाटाड्याची हिरवी टोपी तिच्या डोक्यावर गेली.

जिवनबाईला जास्त लागलं ते याचं, की हे रान शिलाला तिनंच दाखवलं होतं. कुरुंद्याकडच्या सपाट शिवारात, हळदीच्या वाफ्यांत वाढलेली ती पोर सतराव्या वर्षी लग्न होऊन तांड्यात आली आणि पहिल्याच चढावर रडायला लागली होती. तिचा हात धरून जिवनबाईनं तिला कुठं पाय द्यायचा, कुठं नाही, हे शिकवलं होतं.

आता दर रविवारी हिंगोलीच्या, परभणीच्या गाड्या यायच्या. जिवनबाई चुलीपुढं भाकरी थापत बसायची आणि अंगणात शिलाचा आवाज ऐकायची, "पाणी घेतलं का सगळ्यांनी? ताई, चपला न्हाई चालायच्या, बूट घाला." तव्यावरची भाकरी करपायची. नवरा पेमा एकदा म्हणाला, "एवढं वाटतंय तर तू बी जा की माघून."

"मी काहून जाऊ तिच्या माघं? तिला माझ्या माघं चालायला मीच शिकवलं."

त्यातच कुलदीपनं बूट धाडले. कुलदीप जिवनबाईचा एकुलता लेक, एकोणीस वर्षांचा, नांदेडला मोबाइलच्या दुकानात कामाला. त्यानं पार्सल पाठवलं ते काकीच्या नावानं. आईला फोनवर म्हणाला, "याडी, काकीला दर रविवारी डोंगर चढावा लागतो ना."

"आणि मी काय पालखीत बसून चढत व्हते का?" जिवनबाई म्हणाली आणि फोन पेमाच्या हातात देऊन आत गेली.

पुढच्या रविवारी तिनं विळा आणि दोरी उचलली. लाकडाचं निमित्त. शिला नऊ जणांना घेऊन पुढं गेली आणि जिवनबाई सागाच्या आडून, आवाज ऐकू येईल एवढं अंतर ठेवून मागं निघाली. शिला कुठं चुकते तेच तिला बघायचं होतं. पण शिला चुकेना. धावडा दाखवला, त्याचा डिंक कधी गोळा करायचा ते सांगितलं. सालईची साल कशी निघते ते सांगितलं. दमलेल्या एका बाईला दगडावर बसवून पाणी पाजलं, विनोद केला, सगळे हसले. प्रत्येक शब्द जिवनबाईचा होता. फक्त तिच्या तोंडून तो कधी असा आला नव्हता.

ओढा ओलांडून मंडळी मोहाखाली टेकली. शिला म्हणाली, "ह्या झाडाखाली माझं लेकरू झालं."

जिवनबाई जागच्या जागी थांबली.

"मोहाची फुलं वेचायला आले व्हते. दिवस भरले व्हते, पण कळा इतक्या लवकर येतील असं वाटलं न्हाई. तांडा लांब. इथंच, ह्या मुळीला धरून बसले. विळ्यानं नाळ कापली. पोरगं रडलं न्हाई आधी, मग पाठीवर दोन थापा दिल्या तसं रडलं. ओढणीत गुंडाळलं आणि चालत घरी गेले."

एका मुलीनं डोळे पुसले. कुणीतरी विचारलं, "आता किती मोठा आहे?"

"एकोणीस वर्षांचा. नांदेडला असतो. हे बूट त्यानंच पाठवले."

शिलाच्या पोटी लेकरू झालं नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दवाखाने झाले, नवस झाले, नवरा देविदासनं आणि तिनं सगळं करून पाहिलं. हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. जिवनबाईलाही होतं. तरी ती झाडाआडून बाहेर आली.

"ते पोरगं माझं हाय," ती म्हणाली. "मुळी मी धरली व्हती. हिनं न्हाई."

 शिलानं टोपी काढून हातात घेतली. उरलेली वाट सगळे खाली बघून उतरले.

त्यानंतर शिला घराबाहेर पडेना. रविवारी गाडी आली तेव्हा नायकानं जिवनबाईला धाडलं. तिला वाटलं, आता दाखवते. पण ती तिच्या नेहमीच्या पायानं चालली, मागं वळून पाहिलंच नाही, आणि माळावर पोचली तेव्हा मागं एकही माणूस नव्हतं. धापा टाकत आले, तर काय सांगावं ते सुचेना. "हा धावडा," ती म्हणाली. आणि पुढं चालू लागली. मोहाखाली तर ती थांबलीच नाही. फेरी वेळेच्या तासभर आधी संपली. निघताना एका माणसानं हळूच विचारलं, "त्या शिलाताई नाहीत का आज?"

त्या संध्याकाळी ती शिलाच्या दारात गेली. शिला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काहून खोटं बोललीस?" जिवनबाईनं विचारलं.

"सगळं खोटं न्हाई, बाई. कळा तुमाला आल्या. पण मी बी तिथंच व्हते ना? थापा कोणी दिल्या? तुमी तर डोळे मिटून पडल्या व्हत्या. ओढणी कोणाची व्हती?"

ओढणी शिलाची होती. लग्नातली, लाल, आरसे लावलेली. जिवनबाई ते विसरली नव्हती, पण इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडानं तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

"पहिल्यांदा त्याला मी हातात घेतलं," शिला म्हणाली. "मग तुमाला दिलं. तवापासून एकोणीस वर्षं तुमच्याकडं बघून राहिले मी. तुमी एका टोपीसाठी दोन महिने जळून राहिल्या."

जिवनबाई उंबऱ्यावर बसली. तिनं सुपातले थोडे तांदूळ आपल्याकडं ओढले आणि खडे वेचू लागली. "रविवारी चल," ती म्हणाली. "मी शेवटी चालते. कोणी माघं पडलं तर बघीन. पण मोहाखाली बराबर सांगायचं. माझं ते माझं, तुझं ते तुझं."

त्या रविवारी मोहाखाली दोघी उभ्या राहिल्या. शिलानं सुरुवात केली, "माझ्या जाऊबाईला इथं कळा आल्या." मुळी, विळा, थापा, ओढणी, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. मधे दोनदा जिवनबाईनं तिला अडवलं, "दुपार न्हाई, सकाळ व्हती," आणि "फुलं टोपलीत न्हाई, पदरात व्हती." शिलानं दोन्ही वेळा मान डोलावली आणि पुढं सांगत गेली. लोक ऐकत होते ते शिलाकडं बघून. बाळंत झालेली बाई समोर उभी होती, तरी नजर सांगणारीवर होती. मग फोटो काढले. जिवनबाई हात सरळ सोडून ताठ उभी राहिली.

उतारावर हिंगोलीची एक शिक्षिका तिच्याबरोबर मागं राहिली होती. ती म्हणाली, "तुमच्या जाऊबाई किती छान सांगतात हो!"

 जिवनबाईनं वाटेतला काटा पायानं बाजूला सारला, शिक्षिकेला हात देऊन शेवटची घसरट दरड उतरवली, निसटलेली पाण्याची बाटली उचलून तिच्या हातात दिली. तांड्याची घरं दिसायला लागली तेव्हा कुठं तिच्या तोंडून निघालं, "व्हय. सांगते चांगलं."

शिक्षिका तोवर दुसरंच काहीतरी बोलत होती.