पुढच्या दारानं

दारांच्या डिझाईनचं काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते न बोलावता येतात आणि ठाण मांडून बसतात. माझ्याकडचे निम्मे तरी मुग्धाचे. मुग्धा इथे फेल्डहोवन या डच गावातच इंजिनिअर आहे, आमच्या मराठी मंडळातली. व्हीलचेअर वापरते. तिचा हट्ट एकच, पुढच्या दारानं आणि कुणाचा हात न लागता आत यायचं.

*

मंडळातल्या तिच्या पहिल्या गणपतीला हॉलच्या दारात एक पायरी आडवी आली. लगेच चार-पाच जण बाह्या सरसावून धावले, "उचला, उचला!"

मुग्धा शांतपणे म्हणाली, "बाप्पा आत गेले ना? मग आता कुणाला उचलायचं नाही."

आणि ती घरी गेली. त्या दिवशीचे मोदक मला गोड लागले नाहीत.

*

मग मी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खेटे घालून रॅम्प करून घेतला. दार रुंद केलं, उंबरा काढला. पुढच्या गणपतीला मुग्धाला ऐटीत फोन केला.

ती आली तर दारात चपला-बुटांचा हा ढीग! दार रुंद, म्हणून ढीगही रुंद. आपण मराठी माणसं चपला कुठे काढतो, हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतंच.

"दार छान झालंय म्हणे," मुग्धा म्हणाली. "खाली कुठेतरी असेल."

ढीग उपसेपर्यंत आरती संपली.

*

त्याच दिवशी मंडळातल्या माधवकाकांना शंका आली, चपला बाहेर तर चाकं आत कशी? ते रुमाल ओला करून चाकं पुसायला वाकले.

मुग्धानं विचारलं, "काका, तुमचा नवा गुडघा बाहेर काढून आलात का?"

काका हसले, पण रुमाल घडी करून खिशात ठेवला.

*

यंदा चपलांना बाजूला रॅक केला. नशिबानं पाऊसही नव्हता. म्हणून मुलाकडे नाशिकहून आलेल्या सुलभाकाकूंनी सकाळभर बसून रॅम्पवर रांगोळी काढली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोकळी जागा म्हणून नाही!

मुग्धा खालीच थांबली. एवढी रांगोळी मोडणं तिच्या जिवावर आलं. कुणीतरी किचनचं मागचं दार उघडायला पळालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुणासाठी काढलीय ती? ये तशीच."

मुग्धा आली. दारापासून गणपतीपर्यंत फरशीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या.

माधवकाका मॉप घेऊन आले. काकूंनी तो त्यांच्या हातून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"विसर्जनापर्यंत राहू द्या."