रानलसणाच्या वासातली दुपार

आज लसणाची पात चिरताना बोटांना वास लागला आणि मी थेट जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या जंगलात जाऊन पोहोचले. तिथे वसंतात झाडांखाली रानलसूण उगवतो आणि सगळी टेकडी त्या वासाने भरून जाते.

दोन हजार चार साली मी तिथे अमेरिकन साहित्य शिकत होते. एकोणिसाव्या शतकातले ते लेखक सांगायचे, लोक काहीही म्हणोत, निसर्गात एकटे जा आणि आपल्या आतला आवाज ऐका. आमच्या प्राध्यापक फ्राऊ केलर एका दुपारी सगळ्या वर्गाला जंगलात घेऊन गेल्या. "आल्झो, चला, पुस्तकं माझ्याकडे द्या आणि एकेकटे बसा," म्हणाल्या.

मी एका जुन्या झाडाला टेकून बसले. पुण्यात आईबाबा माझ्या होकाराची वाट पाहत होते. स्थळ चांगलं होतं. इतकी एकटी मी कधीच बसले नव्हते. पानांतून गाळलेलं ऊन हातांवर हलत होतं, आणि हळूहळू मला कळलं की हे लग्न मला नको आहे.

खाली गावात उतरल्यावर फोन केला. "बाबा, मला अजून शिकायचंय. त्यांना नाही म्हणून सांगाल?"

ते म्हणाले, "सांगतो. तू जेवलीस का?"

तेव्हा वाटलं होतं, हा निर्णय माझा एकटीचा. आता बाबा नाहीत. त्या मुलाच्या घरी जाऊन ते काय बोलले असतील, हे त्यांच्याच तोंडून ऐकावंसं फार वाटतं.